पहिल्या पसंतीचा रकाना

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

गुडघे टेकून नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे, कंबर कशी आहे, कोंबड्या अंडी घालतात का, शेजारची म्हातारी अजून तुझ्याच विहिरीचं पाणी नेते का? एवढं विचारल्याशिवाय कामाचं लिहिलं तर तू पत्र फाडून टाकशील, म्हणून आधी हे.

आता काम. विद्यापीठाचे अर्ज शाळेत आले आहेत. पहिल्या पसंतीचा एक रकाना आहे आणि खाली बाकीच्या पसंत्या. बाबांनी सुट्टीतच सांगून टाकलंय, शिक्षिकेची पदवी घे, सरकारी शाळेत लाग, गप्प बस. मला पत्रकारितेची पदवी करायची आहे. हे मी बाबांना कशी सांगणार? मुलीने बापाशी असलं बोलायचं नसतं, ते आत्याने बोलायचं असतं. म्हणून तू घरी जा आणि बोल. तुझ्यापुढे त्यांचा आवाज खाली येतो, हे मी लहानपणापासून बघतेय.

कॉलेजं तीन आहेत. एक कंपालाचं टेकडीवरचं मोठं विद्यापीठ. दुसरं कंपालातलंच नवं खासगी, तिथे म्हणे टीव्हीचे कॅमेरे आहेत. तिसरं तुमच्या मासाकाचं, ब्रदर लोकांचं, एका खोलीचं; तिथे कोण जातं? माझं मन टेकडीवर आहे. तू रेडिओवर आहेस, तुला कळतं. कुठलं चांगलं, तेवढं सांग.

मक्याच्या पिठाचा पोशो आणि घेवडा खाऊन खाऊन मी घेवडा झाले आहे. मेट्रन आमची पत्रं उघडून वाचतात, तेव्हा लिहिताना जपून.

तुझी
नाबोसा


१६ फेब्रुवारी

नाबोसा, माझे आई,

मी बरी, कंबर बरी, कोंबड्या आळशी, म्हातारी पाणी नेते आणि वर बादली ठेवून घेते. मेट्रन नाकातेबाई, तुम्हीही वाचत असाल तर तुम्हालाही नमस्कार. पोरींच्या घेवड्यात जरा मीठ घाला.

तुझं पत्र वाचून मी रेडिओच्या खिडकीत बसल्या बसल्या हसले. लोक मेल्याची बातमी घेऊन आले होते, त्यांना वाटलं बाईला वेड लागलं. अगं, मी कसली पत्रकार? मी मेलेल्यांची नावं वाचते. अमक्या गावचे अमुक वारले, ही खबर त्यांच्या मुलाला, सुनेला, कंपालातल्या भावाला पोचावी, माती उद्या दहाला. इतकंच. पण ते तरी नीट वाचावं लागतं. गावच्या चेअरमनचं शिक्क्याचं पत्र असल्याशिवाय मी मरणाचा कागद घेत नाही. माणूस मेला हे आधी गावाने मानलं पाहिजे, मग रेडिओने.

कॉलेजचं मी सेनकुंगुला विचारलं. सेनकुंगु म्हणजे आमचा बातमीदार, दिवसभर मोटारसायकलवर हिंडतो आणि संध्याकाळी माझा चहा पितो. तो म्हणाला, "इमारत बघू नका, कॅमेरे बघू नका. पहिल्या वर्षाच्या पोरांना बाहेर पायी हिंडवतात का आणि त्यांची चूक कोणी लाल शाईने काढतं का, एवढं विचारा." टेकडीवर काढतात म्हणे, मासाकाचे ब्रदरही काढतात. कॅमेरेवाल्यांचं त्याला ठाऊक नाही. सध्या तो सरोवराकाठच्या मासेमारांची वस्ती उठवली त्या बातमीच्या मागे आहे. जेवायची शुद्ध नाही. तुला असंच व्हायचं असेल तर आत्ताच पोटभर खाऊन घे.

येत्या रविवारी मी तुझ्या बापाकडे जाते. मुत्याबा माझ्यापेक्षा लहान आहे आणि मी त्याला कडेवर घेतलेलं आहे. आत्या म्हणजे बायकांची गोमेसी नेसलेला बापच. बघते कसा नाही म्हणतो ते.

तुझी आत्या
नालवोगा


१० मार्च

नाबोसा,

मी तुझ्या बापाशी बोलले. तो नाही म्हणाला आणि मलाही आता त्याचंच पटतं. पहिल्या पसंतीत शिक्षिकेची पदवी लिही. दुसऱ्या, तिसऱ्या पसंतीतही तेच लिही. पत्रकारितेचं नाव काढू नकोस, मैत्रिणींपाशीसुद्धा नाही.

रेडिओच्या पत्त्यावर पत्र पाठवू नकोस. चर्चच्या पत्त्यावर पाठव, फादर माझ्याकडे देतील.

अभ्यास कर. शाळेच्या फाटकाबाहेर जाऊ नकोस.

आत्या


२१ मार्च

आत्या,

नमस्कार. या वेळी कोंबड्यांचं विचारत नाही.

रविवारी भेटीचा दिवस होता. बाबा आले होते. मी खाली बसून, मान खाली घालून विचारलं, आत्या आली होती का घरी. ते म्हणाले, "नाताळनंतर तिने उंबरा ओलांडलेला नाही. का गं, काय झालं?" मी म्हटलं काही नाही. म्हणजे तू गेलीच नाहीस. बाबांनी नाही म्हटलंच नाही. तू खोटं लिहिलंस, आणि तेही मला.

पूर्ण आठवडा मी विचार करतेय की का. एकच कारण सुचतं आणि ते लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. तुला वाटतं का, की मी शिकून आले तर तुझी खुर्ची जाईल? तू शाळा अर्धी सोडलीस आणि आवाजावर पोट भरलंस, हे सगळं गाव कौतुकाने सांगतं. मीही सांगते. भाचीने पुढे गेलेलं तुला बघवत नसेल तर तसं सरळ सांगायचं होतं.

तुझ्यापेक्षा तुझे रेडिओवाले बरे. भेटीच्या दिवशीच, बाबा गेल्यावर, त्यांच्यातले एक जण माझी चौकशी करत आले होते. काळा कोट, फार सभ्य बोलणं. म्हणाले, नालवोगाबाईंनी नमस्कार सांगितलाय. मोठा पाव आणि साखर दिली. कुठलं कॉलेज निवडतेस म्हणून आपुलकीने विचारलं. मी सगळं सांगितलं, टेकडीवरचं, पत्रकारिता, पहिली पसंती. ते म्हणाले, शाब्बास, आत्याचं नाव काढशील. झोपायची खोली कुठली, खिडकीतून वारा येतो का, एवढंही विचारलं. बघ, परक्या माणसाला माझ्याबद्दल किती वाटतं.

अर्ज पुढच्या महिन्यात द्यायचे आहेत. मी काय लिहायचं ते मी ठरवीन.

नाबोसा


२८ मार्च

माझ्या बाळा,

हे पत्र तुझ्या मैत्रिणीची आई स्वतः तुझ्या हातात देईल. मेट्रनच्या हाती द्यायचं नाही. वाचून झालं की चुलीत टाक.

तो माणूस रेडिओचा नाही. मी कोणालाही पाठवलेलं नाही.

पाव खाल्लास का? खाल्ला असशील तर खाल्ला, आता काय करणार. पाव मिळाल्यावर आठवड्याने तू पत्र लिहिलंस, म्हणजे तू ठीक आहेस असं मी स्वतःला सांगते आहे. यापुढे घरच्यांशिवाय कोणी काही दिलं तर तोंडात घालू नकोस.

आता खरं सांगते. खोटं लिहिलं ते मेट्रन वाचतात म्हणून आणि तू घाबरशील म्हणून. पण न सांगता तू जास्त धोक्यात आलीस, तेव्हा घाबर, पण नीट ऐक.

मी रविवारी तुझ्या बापाकडे निघणार होते. त्याच्या आदल्या दिवशी खिडकीवर काळ्या कोटातला माणूस आला. मरणाचा कागद, सोबत चेअरमनचं पत्र, शिक्का, सगळं व्यवस्थित. रांग मोठी होती. मी पैसे घेतले, पावती दिली, कागद गठ्ठ्यात ठेवला. संध्याकाळी वाचायला बसले, एकेक नाव वाचत गेले आणि हातात तो कागद आला. सेनकुंगु वारले. वय, गाव, आईचं नाव, सगळं बरोबर. माती उद्या दहाला. आणि सेनकुंगु माझ्या पाठीमागे उभा राहून माझ्याच कपातून चहा पीत होता.

मी ते नाव गाळून पुढचं वाचलं. बाहेर येऊन कागद त्याच्या हातात दिला. तो हसला आधी. मग "मासेमारांची बातमी," म्हणाला आणि बसला. त्याच रात्री तो गेला. कुठे, ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक असतं तरी लिहिलं नसतं.

मग तो माणूस परत आला. "बाई, आमचा कागद वाचला नाहीत." मी म्हटलं, नजरेतून सुटला असेल. तो म्हणाला, "होतं असं. सेनकुंगु कुठे आहे?" मी म्हटलं, मला कोण सांगतंय. त्याने मान हलवली आणि दुसरा कागद सरकवला. त्यावर माझं नाव होतं.

नालवोगा, रेडिओवर खबरा वाचणाऱ्या, वारल्या. ही खबर भाऊ मुत्याबा यांना पोचावी. भाची नाबोसा हिला पोचावी, आणि पुढे तुझ्या शाळेचं नाव, तुझ्या वसतिगृहाचं नाव. तारखेची जागा रिकामी. सोबत आमच्याच गावच्या चेअरमनचा शिक्का. चेअरमन लुबोवाला मी जाऊन विचारलं. तो रडायलाच लागला. गाडीतून माणसं आली, म्हणाली नालवोगा कंपालाच्या इस्पितळात वारली, आणि त्याने विश्वास ठेवून शिक्का मारला. मेल्याची खबर आणणाऱ्यावर आपल्यात कोणी संशय घेत नाही. तेवढं एकच त्यांनी हेरलं.

पोलिसांत गेले. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही जिवंत आहात ना? मग गुन्हा कसला?" मालक म्हणाले, थोडे दिवस रजा घ्या. रजा घेऊन बसू कुठे? घरासमोर एक मोटारसायकल उभी असते. फोन बंदच करून ठेवलाय, त्यावर नुसता श्वास ऐकू यायचा.

मला तुझा हेवा वाटला असता तर किती बरं झालं असतं. मला भीती वाटते, नाबोसा. पाणी प्यायला उठते आणि कशाला उठले ते विसरते. म्हणून हात जोडून सांगते, शिक्षिकेची पदवी लिही. सगळ्या रकान्यांत लिही. त्यांना कळू दे की तू कोणाच्या वाटेत येणार नाहीस.

आत्या


१२ एप्रिल

प्रिय आत्या,

गुडघे टेकून, डोकं जमिनीला लावून नमस्कार. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते आठवलं की जेवण जात नाही. तुझ्या घरी चार दिवस राहिले, पण अंगणात इतकी माणसं होती की माफी मागायलाही एकांत मिळाला नाही. आणि एक गोष्ट तर एकांत मिळूनही मी सांगितली नसती. पत्रातच सांगते.

तू तुझाच कागद वाचलास त्या संध्याकाळी काय झालं ते तुला फक्त तुझ्या बाजूने माहीत आहे. आमच्या शाळेत स्वयंपाकघरात रेडिओ असतो. स्वयंपाकीण रोज तुझ्या खबरा ऐकत घेवडा निवडते. तू वाचलंस, "नालवोगा, रेडिओवर खबरा वाचणाऱ्या, वारल्या," मग बाबांचं नाव, मग माझं, मग शाळेचं. शाळेचं नाव ऐकल्यावर ती बाई थांबेल कशाला? परात टाकून हेडमिस्ट्रेसकडे धावली. तुझाच आवाज आहे हे तिच्या डोक्यातच आलं नाही. रोज तूच वाचतेस, आजही तूच वाचत होतीस. पुढचं तिने ऐकलंच नाही.

मेट्रन नाकातेबाई मला वर्गातून न्यायला आल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हाच मला कळलं. त्या कधी कोणाच्या खांद्यावर हात ठेवत नाहीत. हेडमिस्ट्रेसने तुला फोन लावला, बंद. बाबांना लावला, लागेना. मला वाटलं, त्यांनी तारीख भरली.

सकाळी निघायच्या आधी हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, "बाळ, अर्जांचा आज शेवटचा दिवस आहे. तू परत येईस्तोवर गठ्ठा गेलेला असेल. दोन मिनिटं बस आणि भर." त्यांनी पेनही उघडून दिलं. आत्या, मी शिक्षिकेची पदवी लिहिली. सगळ्या रकान्यांत. तुझा शेवटचा शब्द होता तो. पण खरं सांगू? मेलेल्या आत्याचा शब्द म्हणून लिहिली असती तर रडू आलं असतं. लिहून झाल्यावर मला हायसं वाटलं. तू मेलेली होतीस आणि मला हायसं वाटलं.

दोन टॅक्सी बदलून तुझ्या गावी उतरले तर रस्त्यापर्यंत माणसं. अंगणात मयताचा जाळ पेटलेला. बायका मटोकेची हिरवी केळी सोलत होत्या. बाबा स्टुलावर बसले होते आणि मांडीवर तुला गुंडाळायला आणलेलं झाडाच्या सालीचं कापड होतं. मी त्यांच्या पायाशी पडून रडायला लागले. त्यांनी नुसतं बोटाने दाखवलं. तू मागच्या दारातून सरपण घेऊन येत होतीस आणि कोणाला तरी ओरडत होतीस की लाकूड ओलं आणलंस.

मग मला लोकांनी सांगितलं, पुढे तू काय वाचलंस ते. "हे वाचणारी मीच नालवोगा आहे. कागद काळ्या कोटातल्या माणसाने आणून दिला आहे. असाच एक सेनकुंगुच्या नावाचाही आणला होता. माती उद्या दहाला लिहिली आहे. ज्यांना यायचं त्यांनी यावं, मी घरी आहे." अर्धे लोक पहिलं वाक्य ऐकून रडत आले, अर्धे शेवटचं ऐकून सरपण घेऊन आले. चेअरमन लुबोवा तर सगळ्यांच्या पुढे. आणि आलेलं कोणी परत जाईना. घरात मयत असेपर्यंत जाळाजवळून उठायचं नसतं, आणि तुझं मयत तर कोणी बाहेर काढतच नव्हतं. ती मोटारसायकल त्या चार दिवसांत कोणाला दिसली नाही.

सगळे माझ्याकडे बघून म्हणत होते, भाची आत्याच्याच वळणावर जाणार. मी मान हलवत होते. बाबाही म्हणाले, "लिही तुला काय लिहायचं ते, मी अडवणार नाही." तेव्हासुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही की मी लिहून आले आहे.

मी तुझ्यासारखी नाही, आत्या. एवढंच सांगायचं होतं.

नाबोसा


२७ एप्रिल

माझ्या नाबोसा,

कोंबड्यांतल्या निम्म्या माझ्याच मयताला कापल्या गेल्या. म्हातारीने बादली परत आणून दिली, लाजेने. बाकी सगळं ठीक.

माझ्यासारखी नाहीस म्हणजे कशी? मी कशी आहे ते आधी ऐक. तो कागद मी कित्येक दिवस उशीखाली ठेवला होता. माझ्यापुरतं होतं तोवर मी गप्प बसले. पळून जायचा विचार केला, सेनकुंगुचं मला काही माहीत नाही असं देवाची शपथ घेऊन सांगायचा विचार केला. मग तुझ्या पत्रातल्या त्या पावावर मन अडकलं. ज्याने तुझ्या हातात पाव दिला, त्याने खिडकीतून वारा येतो का विचारलं, आणि तू खूश होऊन सांगितलंस. माझं मरण चोरून ठेवलं तर ते तुझ्यापर्यंत येणार, हे मला कळलं. तारीख मीच भरली आणि वाचलं. वाचताना माझी पाचावर धारण बसली होती. घरी आल्यावर उलटी झाली. यात धाडस कुठे आहे ते शोधून मला दाखव.

हायसं वाटलं म्हणून लाजू नकोस. मलाही वाटलं असतं. घाबरलेल्या माणसाने लिहिलेलं खोटं नसतं, घाईचं असतं.

अर्जातली पसंती महिनाअखेरनंतर एकदा बदलून मिळते असं तुझ्या बापाने कंपालाला जाऊन विचारून आणलंय. न सांगता गेला, नवे बूट घालून. बदलायची तर तो पुन्हा जाईल. मी त्याला म्हटलं, पोरीला विचारल्याशिवाय तिथे पाऊल ठेवू नकोस. या वेळी मी तुला काही सांगणार नाही. शिक्षिका झालीस तर मी माझ्या गावच्या शाळेत तुला बघायला येईन आणि मागच्या बाकावर बसेन.

पण तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हेही लिहिते. माणसं पांगल्यावर मी कामावर परत गेले. परवा रांगेत तो उभा होता. तोच कोट. त्याची पाळी आली तेव्हा हातात कागद नव्हता. खिडकीशी वाकला आणि म्हणाला, "छान वाचलंत, बाई. सगळ्यांनी ऐकलं." आणि गेला. रांगेतल्या कोणाला काही कळलं नाही. मी पुढच्याची पावती फाडली, पण त्यावर नाव कोणाचं लिहिलं ते मला आठवत नाही. सेनकुंगुची अजून खबर नाही.

तुझी आत्या
नालवोगा


५ मे

आत्या,

नमस्कार. हे पत्र मेट्रन नाकातेबाईंनी उघडलं नाही. त्यांनी स्वतःच पाकिटाला गोंद लावला.

तुझं पत्र आल्यापासून मला झोप नीट लागत नाही. वर्गात कोणी मागून हाक मारली तरी दचकते. परवा फाटकावर काळा कोट दिसला आणि मी संडासात जाऊन लपले. तो भूगोलाच्या सरांचा भाऊ निघाला. हे मी मुद्दाम लिहिते, म्हणजे मी शूर झाले असं तू गावात सांगत हिंडणार नाहीस.

बाबांना कंपालाला जाऊ दे. पहिल्या पसंतीत पत्रकारिता लिहायची. पण टेकडीवरचं नको. मासाकाचं, ब्रदर लोकांचं लिहायला सांग. हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, एवढे चांगले गुण आणि एका खोलीचं कॉलेज, वेड लागलंय का तुला. मी त्यांना म्हटलं, तिथे लाल शाईने चुका काढतात. त्यांना ते पटलं.

तुला मात्र खरं कारण सांगते. तिथून तुझा रेडिओ जवळ, आणि वर्ग दुपारी संपतो. खबरा तू संध्याकाळी वाचतेस. तो माणूस पुढचा कागद घेऊन येईल तेव्हा खिडकीत तू एकटी नसशील.

नाबोसा